अदृश्य शाई

कागदावर वाळल्यावर दिसेनाशी होणारी आणि उष्णतेने किंवा रसायनाने उमटणारी शाई. साहित्य घरचेच : लिंबाचा रस, दूध, कांद्याचा रस. चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये कागदाच्या घाऊक दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या अँडरसन स्ट्रीटवर मिळणारा साधा, चकाकी नसलेला कागद यासाठी उत्तम; गुळगुळीत कागदावर रसाचा चट्टा उघड दिसतो. काडीला कापूस गुंडाळून लिहावे, पूर्ण वाळू द्यावे, मग गरम इस्त्री फिरवावी. आम्लामुळे कागदातील सेल्युलोज कमकुवत होते, म्हणून लिहिलेला भाग आधी करपतो आणि तपकिरी अक्षरे उठतात. मेणबत्तीवर कागद धरणे धोक्याचे; मुलांनी इस्त्रीही मोठ्यांच्या देखरेखीखालीच वापरावी.

दुसरी रीत अधिक सुंदर. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने लिहून वर स्पिरिटात कालवलेली हळद फिरवली, की अल्कधर्मी अक्षरे तांबडी होतात.

पहिल्या महायुद्धात लिंबाच्या रसाने हेरगिरीची पत्रे लिहिणाऱ्या कार्ल म्युलरला 1915 मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्याजवळ सापडलेले लिंबू पुरावा ठरले.