मानमोडीची कुळकथा

कोंबड्यांची दुखणी हा विषय साहित्याच्या त्रैमासिकात शोभतो काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्या प्रभूने येरुशलेम नगरीविषयीची आपली व्यथा सांगताना पिलांना पंखांखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीचा दाखला दिला, त्याच्या अनुयायांनी तरी हा विषय क्षुद्र मानू नये, एवढेच आमचे उत्तर. शिवाय अंड्यांचा पैसा हा घरच्या गृहिणीच्या हाती राहणारा पैसा. मुलांच्या वह्या, आजाऱ्याचे औषध, सणाचा पाहुणचार असे कितीतरी खर्च त्यातून निघतात. खुराडे एका आठवड्यात रिकामे झाले, तर तो आघात घरावरच होतो.

खुराडी रिकामी करणाऱ्या साथीचे मराठीतील रूढ नाव मानमोडी. हे नाव ठेवणाऱ्याने रोगी पक्षी नीट निरखून पाहिला असला पाहिजे. आधी कोंबडी खाणे सोडते, पिसे फुलवून कोपऱ्यात बसते. मग हिरवट, पातळ विष्ठा होते आणि चोच उघडी टाकून ती धापा घेऊ लागते. जी यातून चार दिवस तगते, तिची मान पिळवटते, पंख लुळे पडतात, ती स्वतःभोवती गरगर फिरते. लस न टोचलेल्या कळपात बहुतेक सारे पक्षी पाहता पाहता दगावतात. अशा वेळी पूर्वी दृष्ट, करणी यांकडे बोट दाखविले जाई. क्वचित आजही दाखविले जाते. मेलेल्या कोंबड्यांपायी शेजारणींचे बोलणे तुटावे, यापरते दुर्दैव कोणते? म्हणूनच या रोगाची खरी कुळकथा जाणून घेणे अगत्याचे आहे.

ही कथा मानमोडीच्या आधी, कोंबड्यांच्या पटकीपासून सुरू करावी लागते. १८७९ साली तुलूझच्या पशुवैद्यकीय विद्यालयातील आंरी तुसां यांनी या पटकीचे जंतू लुई पाश्चर यांच्याकडे पाठविले. पाश्चर हे जंतू कोंबडीच्याच मांसाच्या रश्श्यात वाढवीत. बरेच दिवस राहून गेलेले जंतू टोचले असता कोंबड्या थोड्या आजारी पडतात, पण मरत नाहीत. आणि पुढे त्यांनाच ताजे, जहाल जंतू टोचले तरी त्या तग धरतात, असे त्यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. सुटीहून परतल्यावर एका दिवसात हा शोध अचानक लागला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. तथापि पाश्चर यांच्या प्रयोगवह्या अभ्यासणाऱ्या इतिहासकारांनी दाखवून दिले की, त्यामागे अनेक महिन्यांचे चिकाटीचे काम होते. फेब्रुवारी १८८० मध्ये त्यांनी हे निष्कर्ष पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडण्यास आरंभ केला. पुढे १८८१ मध्ये मेंढरांच्या फाशीवर व १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर जी लस वापरली गेली, तिच्या विचाराचे मूळ या कोंबड्यांत आहे. आपल्या लेकरांना दंडावर टोचताना आपण ज्यांचे ऋणी असतो, त्यांत या पक्ष्यांचीही गणना करावी.

मानमोडीची शास्त्रीय नोंद त्यानंतर सुमारे अर्धशतकाने झाली. १९२६ साली जावा बेटावर क्रानेव्हेल्ड यांना, आणि त्याच वर्षी इंग्लंडमधील न्यूकॅसल-अपॉन-टाइन परिसरात डॉयल यांना कोंबड्यांची एक नवीच घातक साथ आढळली. जीवाणू अडविणाऱ्या गाळणीतूनही पार जाणारा विषाणू तिच्या मुळाशी आहे, हे डॉयल यांनी दाखविले आणि रोगाला न्यूकॅसलचे नाव दिले. लगोलग १९२७ मध्ये कुमाऊँच्या डोंगरांतील राणीखेत येथे अशीच साथ उद्भवली आणि मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेतील एडवर्ड्स यांनी १९२८ मध्ये तिची नोंद केली. भारतात या रोगास राणीखेत हे नाव पडले ते तेव्हापासून. न्यूकॅसल, राणीखेत व आपली मानमोडी ही एकाच विषाणूची तीन नावे होत.

मुक्तेश्वरच्या या संस्थेचे आपल्या प्रांताशी जुने नाते आहे. तिची स्थापना १८८९ साली पुण्यात झाली. धोकादायक जंतूंवरील प्रयोग दाट वस्तीपासून दूर व्हावेत म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयाच्या पायथ्याकडील त्या एकान्त स्थळी हलविण्यात आली. तेथेच १९४० च्या दशकात हॅडो व इदनानी यांनी राणीखेतचा विषाणू कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांमध्ये पुनःपुन्हा वाढवून सौम्य केला आणि त्यापासून लस सिद्ध केली. मुक्तेश्वर वाणाची ही लस आजही वापरात आहे. ती मोठ्या पक्ष्यांसाठी, म्हणजे साधारण आठ आठवड्यांनंतर टोचावयाची. कोवळ्या पिलांना ती सोसत नाही; त्यांना पहिल्या आठवड्यात 'एफ' अथवा 'लासोटा' या सौम्य वाणाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालतात. लस देण्यापूर्वी आठवडाभर आधी जंताचे औषध द्यावे आणि आजारी पक्ष्यास लस देऊ नये, हा पशुवैद्यांचा नियम आहे.

उपाय इतका जुना व इतका स्वस्त असूनही परसातील कोंबड्या आजही का मरतात? याचे उत्तर लसीच्या बाटलीत आहे. ही बाटली बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते. ती बर्फात ठेवून आणावी लागते आणि एकदा का द्रव मिसळला की एक-दोन तासांत संपवावी लागते. मोठ्या कुक्कुटपालकाला हे सोयीचे. परंतु जिच्याकडे सात-आठ कोंबड्या आहेत, ती गृहिणी एकटी काय करणार? हा रोग एकट्याने टाळता येत नाही, कारण त्याचा उपायच मुळी शेजारधर्मावर बेतलेला आहे. वाडीतील दहा-पंधरा घरांनी एक दिवस ठरवावा, एकाने बर्फाच्या थर्मासमधून लस आणावी आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर घरोघर लसीकरण उरकावे. मोझांबिक व टांझानिया या देशांतील खेड्यांत उष्णतेत सहजी न बिघडणारी 'आय-२' लस दर चार महिन्यांनी डोळ्यात थेंब घालून अशाच रीतीने गावोगाव दिली गेली. जे तेथे साधले, ते आपल्या वाड्यांत का साधू नये?

कोंबडीचे प्रत्येक दुखणे म्हणजे मानमोडी नव्हे, हेही ध्यानी ठेवावे. तुऱ्यावर व डोळ्यांभोवती खवले धरले, तर त्या देवी. डास त्यांचा प्रसार करतात आणि त्यांची लस वेगळी असते. महिना-दीड महिन्याच्या पिलांच्या विष्ठेत रक्त दिसले, तर ती बहुधा रक्ती हगवण. तिचे मूळ ओलसर अंथरुणात असते. तुसाची जागा कोरडी करणे हा पहिला उपाय व पशुवैद्याने सांगितलेले औषध पाण्यातून देणे हा दुसरा. चेहरा सुजून नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव येतो ती संसर्गजन्य सर्दी. रात्री खुराड्याच्या फटींतून निघून रक्त शोषणाऱ्या गोचिडांमुळे तुरा फिका पडतो. फटींना चुना भरावा व पक्ष्यांना धूळ-राखेत लोळू द्यावे.

कधी रोगाचे कारण जंतू नसून आहार असतो. १८९० च्या सुमारास जावातील बटाव्हिया येथे क्रिस्तियान आइकमान यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला सडलेल्या, पांढऱ्या तांदळाचा भात घातला जाई. नव्या स्वयंपाक्याने तो देणे बंद केले, कोंड्यासह असलेला तांदूळ मिळू लागला आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. या धाग्यावरून माणसांतील बेरीबेरीचे रहस्य उलगडत गेले आणि १९२९ मध्ये आइकमान नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

एक अनिष्ट प्रथा मात्र मोडावयास हवी. कोंबडी मलूल दिसताच घरात उरलेली कोणत्या तरी प्रतिजैविकाची गोळी कुटून पाजणे, हा उपचार नव्हे. मानमोडी विषाणूमुळे होते. तिच्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. उलट त्यांच्या सैल वापराने औषधांना न जुमानणारे जंतू बळावतात आणि त्याची किंमत माणसे मोजतात. याच कारणास्तव भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांकरिता कोलिस्टिन या औषधाच्या वापरास बंदी केली.

नुसत्या नजरेच्या निदानावर विसंबण्याचा धोका आपल्या महाराष्ट्रानेच अनुभवला आहे. २००६ च्या आरंभी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या, तेव्हा ती राणीखेतचीच साथ असावी, असा प्रथम समज झाला. फेब्रुवारीत भोपाळच्या प्रयोगशाळेने नमुने तपासले आणि भारतात प्रथमच कोंबड्यांमध्ये 'एच५एन१' बर्ड फ्लू आढळल्याचे जाहीर झाले. पाठोपाठ परिसरातील लक्षावधी पक्षी नष्ट करावे लागले. दोन्ही रोगांची बाह्य लक्षणे फार जवळची आहेत. त्यांतील भेद प्रयोगशाळाच सांगू शकते. म्हणून एकाएकी अनेक पक्षी दगावले की पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे. मेलेला पक्षी उघड्या हातांनी हाताळू नये, कापू नये, ओढ्यात वा रस्त्याकडेला फेकू नये. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावा.

या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. साथ एका परसातून दुसऱ्या परसात जाते ती बहुधा माणसाच्या हातून. मेली तर फुकट जाईल, या भीतीने आजारी कोंबडी घाईघाईने बाजारात विकली जाते, आणि ज्याने ती घेतली त्याचे खुराडे आठवड्यात ओस पडते. विकणाऱ्याच्या हाती चार पैसे येतात. घेणाऱ्या गृहिणीचे वर्षाचे उत्पन्न बुडते. अनोळखी माणसाचे झालेले हे नुकसान आपल्याला दिसत नाही, एवढ्याने ते पापाच्या कक्षेबाहेर जात नाही. दुखणे लपवू नये, आजारी पक्षी विकू नये, बाजारातून आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा आणि लसीच्या दिवशी शेजाऱ्याचे दार ठोठवावे. परसातील मुक्या जिवांची राखण आणि शेजाऱ्यावरील प्रीती ही येथे एकच आज्ञा होऊन बसते, आणि ती पाळावयास बर्फाचा एक थर्मास पुरतो.