मरुताचें राहिलेलें बळ

कागदावरच राहिलेलीं लढाऊ विमानें नव्या इंजिनांसह कल्पून संगणकाच्या पडद्यावर उडविण्याचा छंद आज अनेकांस आहे. आपल्या ‘मरुत’ विमानाबाबत मात्र हा खेळ इतिहासाशीं भिडतो. जर्मन रचनाकार कुर्ट टँक ह्यांनीं बंगळूर येथें आखलेलें हें विमान १७ जून १९६१ रोजीं सुरंजन दास ह्यांनीं प्रथम उडविलें. संकल्प ध्वनीच्या दुप्पट वेगाचा होता. परंतु योजिलेलें इंजिन ब्रिटनमध्यें पूर्णत्वास गेलें नाहीं. जुन्या इंजिनास जादा ज्वलनाची जोड दिलेल्या नमुन्याची चांचणी घेतांना १० जानेवारी १९७० रोजीं दास मृत्यु पावले. पुढें १९७१ चें युद्ध मरुत त्याच तोकड्या बळावर लढलें. पडद्यावर आंकडा बदलला कीं जोर वाढतो, आणि कोसळलेलें विमान पुन्हां उभें राहतें. धावपट्टीवर तसें घडत नाहीं, हें खेळणाऱ्यानें स्मरावें.