मुंबईची वीज, मुंबईची ट्राम आणि महापालिका



शहरांनी कोळसा-तेल सोडून स्वच्छ ऊर्जेकडे वळायचं आणि त्यात महापालिकेनं पुढाकार घ्यायचा, हे आज सगळीकडे बोललं जातं. जणू काही हा विचार कालपरवाच निघाला. मुंबईपुरतं तरी तसं नाही. दादरला आपण अजूनही ‘दादर टी. टी.’ म्हणतो. त्यातलं ‘टी. टी.’ म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम गेली, नाव राहिलं. आज या नावामागची गोष्ट थोडी उलगडू या.

१८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. १८८२ मध्ये पालिकेनं विजेचा प्रयोग केला. एका खासगी कंपनीशी करार करून क्रॉफर्ड मार्केट विजेनं उजळवलं. पण वर्षभरातच कंपनीचं दिवाळं वाजलं आणि मंडईत पुन्हा गॅस आला. म्हणजे बघा, पहिलं ऊर्जा-परिवर्तन फसलं ते तंत्र नव्हतं म्हणून नव्हे. ज्याच्या भरवशावर ते उभं होतं, तोच टिकला नाही.

ट्रामही आधीच आली होती, १८७४ मध्ये. पण ती घोडे ओढत. मग ७ ऑगस्ट १९०५ रोजी वीजपुरवठा आणि विजेची ट्राम यांची सनद बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीला मिळाली. मे १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली आणि घोडे सुटले. त्या सनदेत एक कलम होतं : पुढेमागे पालिकेला हा सगळा कारभार विकत घेता येईल. आमच्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत दूरदृष्टीची ओळ तीच. पालिकेनं जोखीम कंपनीला घेऊ दिली, पण शेवटची किल्ली स्वतःकडे ठेवली.

ती किल्ली फिरली बरोबर बेचाळीस वर्षांनी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी. देश स्वतंत्र व्हायला आठ दिवस होते. सुमारे ९ कोटी ८८ लाख रुपये मोजून पालिकेनं वीज, ट्राम आणि बस ताब्यात घेतल्या. तीच आपली ‘बेस्ट’. वीज आणि वाहतूक एकाच छत्राखाली, आणि ते छत्र नागरिकांनी निवडून दिलेल्या सभेचं. वीजविभागाच्या उत्पन्नातून वाहतुकीची तूट भरायची, ही रीत पुढे दीर्घकाळ चालली. दिव्याच्या बिलातून तिकीट स्वस्त राहिलं, असं म्हणा हवं तर. याची दुसरी बाजूही आहे. बेस्टची वीज फक्त मुंबई शहरात. उपनगरांत बस बेस्टची आणि वीज मुख्यतः खासगी कंपन्यांची. तेव्हा एकाच्या बिलानं दुसऱ्याचा प्रवास का सोसायचा, हा प्रश्न न्यायाचा आहे, नुसत्या हिशेबाचा नाही.

आता गोष्टीतलं वळण ऐका. ३१ मार्च १९६४. रात्री दहाला बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली. आम्ही तेव्हा शाळकरी. वडिलांचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभे होतो. गर्दी मोठी होती. आम्हांला त्यातली गंमत तेवढी कळत होती. वडील मात्र गप्प होते. ट्राम संथ आहे, वाहतुकीला अडथळा होते, तोट्यात चालते, असा हिशेब झाला होता. तो खोटा नव्हता. पण डिझेलचा धूर त्यात कुठल्या रकान्यात मांडला होता? तसा रकानाच नव्हता. काढणारा कोणी परका नव्हता हो. मालक पालिकाच होती, म्हणजे पर्यायानं आपणच.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं, म्हणून साध्य-साधन विवेकाची सवय जडली आहे. मालकी हे साधन आहे. पालिकेच्या हातात ऊर्जा असली म्हणजे ती शहाणपणानंच वापरली जाईल असं नाही. पण साधनच हातातून गेलं, तर शहाणपण सुचूनही उपयोग काय?

आणि आज नेमकं हेच पणाला लागलं आहे. २०१७ पासून बेस्टच्या ताफ्यात विजेवरच्या बसगाड्या येऊ लागल्या. मार्च २०२२ मध्ये पालिकेनं हवामान कृती आराखडा जाहीर केला, २०५० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचं ध्येय ठरवलं. चांगलीच गोष्ट. पण याच काळात बेस्टच्या स्वतःच्या गाड्या घटत गेल्या. नव्या गाड्या बहुतेक कंत्राटदारांच्या, चालकही त्यांचेच. काही कंत्राटदार मध्येच काम सोडून गेले आणि थांब्यावरचे प्रवासी ताटकळले. १८८२ ची मंडई आठवते ना? कंत्राटाला आमचा विरोध नाही. १९०५ चा करारही खासगी कंपनीशीच होता. प्रश्न एवढाच : आजच्या करारांत किल्लीचं ते कलम कुठे आहे? शिवाय बस विजेची झाली, तरी ती वीज कोळशाची असेल, तर धूर आपल्या नाकापासून फक्त लांब गेला. वीज कुठून विकत घ्यायची हे बेस्टला ठरवावं लागतं, म्हणून तिथेही पालिकेला विचारता येतं.

तेव्हा मंडळी, तुमच्या शहरात नवी बस आली, छतावर सौर पत्रे बसले, तर आनंद जरूर माना. आणि मग आपल्या नगरसेवकाला दोन गोष्टी विचारा. हे कोणाच्या मालकीचं आहे? कंत्राटदार उद्या निघून गेला, तर परवा हे कोण चालवणार?

दादर टी. टी.ला उतराल तेव्हा हे आठवा. बाकी पुढच्या वेळी बोलू.