वायद्याची वही : मालपोचतीच्या तारखेचे वचन आणि नियोजनाच्या आज्ञावली

कारखानदार जेव्हा गिऱ्हाइकाला अमुक तारखेस माल पोचता करण्याचे वचन देतो, तेव्हा पुष्कळदा तो अद्याप अस्तित्वात नसलेली वस्तू देऊ करीत असतो. कोठारात तयार असलेल्या मालाचे वचन देणे सोपे आहे. परंतु ज्याचे पोलाद अजून यावयाचे आहे, ज्याचे सुटे भाग घडवावयाचे आहेत आणि ज्यासाठी लागणारे यंत्र आणखी तीन आठवडे दुसऱ्याच कामात गुंतलेले आहे, अशा मालाची तारीख सांगणे म्हणजे भविष्यकाळाविषयी विधान करणे होय. अरबीतून मराठीत आलेला ‘वायदा’ हा शब्द वचन आणि मुदत असे दोन्ही अर्थ एकत्र वागवितो. मुदतीवाचून दिलेले वचन व्यापारात निरुपयोगी असते, आणि वचनाचे बळ नसलेली मुदत हा केवळ अंदाज ठरतो.

औद्योगिक वायद्याचा विसाव्या शतकातील इतिहास बहुधा संगणकाच्या वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून सांगण्यात येतो. यंत्रे वेगवान झाली, म्हणून तारखा अचूक झाल्या, असा त्या कथनाचा आशय असतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडे निराळे आहे. ह्या इतिहासातील निर्णायक पाऊल गणिताचे नसून हिशेबनिशीचे होते. उद्या तयार होणारा माल हीही एक शिल्लकच आहे व ती एकदाच खर्च करता येते, ही कल्पना वहीत उतरली तेव्हाच वायद्याला आधार मिळाला. त्यानंतरची यशे आणि अपयशे ही वही कितपत खरी ठेवली गेली ह्यावरच मुख्यतः अवलंबून राहिली.

१. तक्ते, साठा आणि तगादा

कामाची आखणी मुकादमाकडून काढून स्वतंत्र नियोजन-कक्षाकडे सोपवावी, हा विचार फ्रेडरिक टेलर ह्याने १९०३ मध्ये ‘शॉप मॅनेजमेंट’ ह्या प्रबंधात मांडला. त्याचा सहकारी हेन्री गँट ह्याने काम आणि काळ ह्यांची सांगड दाखविणारे आडव्या पट्ट्यांचे तक्ते प्रचारात आणले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील शस्त्रनिर्मितीच्या व जहाजबांधणीच्या कामी त्यांचा उपयोग झाला. परंतु हे तक्ते कारखान्याच्या आतल्या बाजूचे होते. गिऱ्हाइकाशी बोलणारा विक्रेता ‘सहा आठवडे’, ‘आठ आठवडे’ अशा ठोकळ मुदतीच सांगत असे. त्या आठवड्यांत कारखान्यावर कामाचा भार किती आहे, ह्याच्याशी त्या मुदतीचा संबंध फारच दूरचा होता.

साठ्याचे शास्त्र ह्याच काळात स्वतंत्रपणे वाढले. एका खेपेस किती माल मागवावा, ह्याचे सूत्र फोर्ड हॅरिस ह्याने १९१३ मध्ये दिले; साठा कोणत्या पातळीस आला म्हणजे नवी मागणी नोंदवावी, ह्याची रीत आर. एच. विल्सन ह्याच्या १९३४ च्या लेखनाने रूढ झाली. ह्या पद्धतीचा दोष असा की, ती मागे पाहून चालते. एखादा भाग आजवर किती खपला एवढेच तिला कळते. तो कोणाच्या ऑर्डरीसाठी आणि केव्हा लागणार, हे कळत नाही. दहा भागांच्या जोडणीत प्रत्येक भाग शंभरांपैकी पंच्याण्णव वेळा कोठारात सापडतो असे मानले, तर दहाही भाग एकाच वेळी सापडण्याचा संभव साठ टक्क्यांच्या आतच राहतो. प्रत्येक भागाचा साठा समाधानकारक, आणि तरीही दर पाच जोडण्यांपैकी दोन अडलेल्या, अशी ही अवस्था असते.

ह्यातून ‘एक्स्पिडायटर’ नावाचा माणूस कारखान्यात आला. आपल्या भाषेत त्याला तगादेवाला म्हणता येईल. कोणते भाग कमी पडले ह्याची यादी हाती घेऊन तो विभागाविभागांतून हिंडे, आणि ज्याचे गिऱ्हाईक अधिक ओरडे त्याचे काम पुढे काढी. अधिकृत वेळापत्रक भिंतीवर राही. खरे वेळापत्रक तगादेवाल्याच्या खिशात असे. एकाची तारीख पाळताना दुसऱ्याची मोडत होती, परंतु त्या मोडतोडीची नोंद होण्यास कोठे जागाच नव्हती.

२. गणना आणि भाकीत

१९५६ मध्ये आय.बी.एम.ने ‘रॅमॅक’ हे यंत्र बाजारात आणले. त्याच्या पन्नास फिरत्या तबकड्यांवर सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. त्यातील कोणतीही नोंद, आधीच्या सर्व नोंदी न उलगडता, थेट काढता येत असे. वस्तूपासून तिच्या भागांकडे आणि भागांपासून उपभागांकडे जाण्यासाठी असाच थेट मार्ग आवश्यक होता. १९५७ मध्ये उत्पादन व साठा नियंत्रकांची ‘एपिक्स’ ही अमेरिकन संस्था स्थापन झाली आणि नव्या पद्धतीला व्यासपीठ मिळाले.

ह्या पद्धतीचे प्रमुख प्रवर्तक जोसेफ ऑर्लिकी हे होत. शेतीची यंत्रे बनविणाऱ्या जे. आय. केस कंपनीत आणि पुढे आय.बी.एम.मध्ये त्यांनी काम केले. स्वतंत्र मागणी आणि आश्रित मागणी हा त्यांनी केलेला भेद साधा, पण मूलगामी आहे. किती ट्रॅक्टर खपतील ह्याचे भाकीत करावे लागते. परंतु तेवढ्या ट्रॅक्टरांना किती चाके लागतील ह्याचे भाकीत करण्याचे कारण नाही, ती मोजता येतात. ह्या गणनेस ‘मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग’, संक्षेपाने एम.आर.पी., असे नाव पडले. ऑर्लिकी, जॉर्ज प्लॉसल व ऑलिव्हर वाइट ह्यांनी तिचा प्रसार केला. १९७५ मध्ये ऑर्लिकी ह्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

तथापि एम.आर.पी. तारखेपासून मागे चालते, हे विसरून चालणार नाही. ट्रॅक्टर अमुक दिवशी हवा असेल तर चाके केव्हा मागवावीत, हे ती सांगते. मुळात ती तारीख गिऱ्हाइकाला द्यावी की न द्यावी, ह्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नाही. ते मुख्य उत्पादन-वेळापत्रकाला जोडलेल्या एका लहानशा ओळीत सापडते.

३. वचनयोग्य शिल्लक

ह्या ओळीस इंग्रजी परिभाषेत ‘अव्हेलेबल टु प्रॉमिस’ म्हणतात. आपण तिला ‘वचनयोग्य शिल्लक’ म्हणू. उदाहरणाने तिचे स्वरूप स्पष्ट होईल. एका कारखान्यात आज १२० पंप तयार आहेत. पहिल्या आठवड्यात ४० व दुसऱ्यात ३० पंप देण्याचे वायदे झालेले आहेत. तिसऱ्या आठवड्यात आणखी १०० पंप तयार होतील. त्यांवर तिसऱ्या आठवड्यासाठी ६० आणि चौथ्यासाठी २० असे वायदे आहेत. कोठारात १२० पंप दिसत असले, तरी त्यांपैकी ७० दुसऱ्यांचे झाले आहेत, म्हणून आजची वचनयोग्य शिल्लक ५०. तिसऱ्या आठवड्याच्या उत्पादनातील २०. आता कोणी ६० पंप मागितले, तर प्रामाणिक उत्तरे दोनच : पन्नास आज व दहा तिसऱ्या आठवड्यात, किंवा साठही तिसऱ्या आठवड्यात. वायदा होताच ती संख्या वजा होते आणि पुढच्या गिऱ्हाइकास उरलेली शिल्लकच दिसते.

ह्यात बेरीज-वजाबाकीपलीकडे गणित नाही. कल्पना मात्र नवी आहे : डोळ्यांना दिसणारा माल आणि देता येण्याजोगा माल ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि अजून न घडलेल्या मालाचेही खाते ठेवता येते. ह्याच सुमारास विमानप्रवासाच्या क्षेत्रात तोच प्रश्न सोडविला जात होता. अमेरिकन एअरलाइन्स व आय.बी.एम. ह्यांनी उभारलेल्या ‘सेबर’ यंत्रणेने १९६४ पर्यंत त्या कंपनीचे सारे आरक्षण हाती घेतले. पुढल्या महिन्यातील उड्डाणाची जागा ही आज हाती नसलेली, पण एकदाच विकता येणारी वस्तू आहे. ह्या दोन पद्धतींत परस्पर ऋण होते असे येथे म्हणावयाचे नाही. दोहोंच्या मुळाशी असलेली हिशेबाची रीत मात्र एकच आहे.

४. मुदतीचे दुष्टचक्र

ह्या वहीत एक मोठी उणीव राहिली होती. एम.आर.पी. प्रत्येक भागासाठी ठरावीक मुदत गृहीत धरी आणि यंत्रांची क्षमता जणू अमर्याद मानी. प्रत्यक्षात मुदत ही पुढे साचलेल्या कामावर अवलंबून असते. ह्यातून उद्भवणाऱ्या दुष्टचक्राकडे प्लॉसल व वाइट ह्यांनी लक्ष वेधले. काम साचले म्हणून कारखाना मुदत वाढवितो. मुदत वाढली म्हणून गिऱ्हाइके अधिक आधी व अधिक माल मागतात. त्यामुळे काम आणखी साचते आणि मुदत पुन्हा वाढवावी लागते. अशा रीतीने सावधपणे दिलेली लांबची तारीखच विलंबाचे कारण बनते. २०२१ मधील अर्धवाहक-चकत्यांच्या टंचाईत पुरवठ्याच्या मुदती लांबत गेल्या आणि गरजेपेक्षा अधिक ऑर्डरी नोंदविल्या जाऊ लागल्या, तेव्हा हेच चक्र जगाने पुन्हा पाहिले.

उपाय म्हणून क्षमतेला हिशेबात आणण्याचे प्रयत्न झाले. इस्रायली पदार्थवैज्ञानिक एलियाहू गोल्डरॅट ह्यांनी सर्वांत अडलेल्या यंत्राभोवती सारी आखणी करावी असे प्रतिपादिले व १९८४ मध्ये ‘द गोल’ ह्या कादंबरीद्वारे ते लोकप्रिय केले. १९८८ मध्ये संजीव सिद्धू व केन शर्मा ह्यांनी अमेरिकेत ‘आय-टू टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी स्थापिली. सिद्धू हे हैदराबादेच्या उस्मानिया विद्यापीठातून रसायन अभियांत्रिकी शिकलेले व टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये अनुभव घेतलेले. साहित्य आणि क्षमता ह्या दोन्ही मर्यादा एकाच वेळी विचारात घेऊन योजना आखणे, हे त्यांच्या आज्ञावलीचे वैशिष्ट्य होते. जर्मनीत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या सॅप कंपनीने १९९८ मध्ये ‘एपीओ’ ही आज्ञावली आणली. तिच्यात अनेक कारखाने व कोठारे ह्यांची वचनयोग्य शिल्लक एकत्र तपासण्याची सोय होती. शिल्लक नसेल तर नवे उत्पादन केव्हा बसविता येईल ते पाहून तारीख सांगणे, म्हणजे ‘केपेबल टु प्रॉमिस’, हेही आता शक्य झाले.

५. वही आणि वास्तव

साधने एवढी प्रगत झाल्यावर वायदे मोडण्याचे कारण उरू नये. परंतु १९९९ मध्ये अमेरिकेतील हर्शी ह्या मिठाईच्या कंपनीत जे घडले ते उद्बोधक आहे. सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून कंपनीने सॅप, मॅन्युजिस्टिक्स व सीबेल ह्या तिघांच्या आज्ञावली जुलैत, हॅलोवीनच्या हंगामाच्या ऑर्डरी येऊ लागल्या असताना, एकदमच चालू केल्या. चॉकलेट तयार होते, मागणीही होती. तरी ऑर्डरी पुऱ्या होईनात. त्या तिमाहीत कंपनीचा नफा १९ टक्क्यांनी घटला. तत्कालीन व नंतरच्या वृत्तान्तांत एक कारण असे नमूद आहे की, हंगामात माल ठेवण्याच्या काही नेहमीच्या, पण अनौपचारिक जागा नव्या यंत्रणेत नोंदविल्याच गेल्या नव्हत्या. जुन्या कर्मचाऱ्यांना त्या ठाऊक होत्या, यंत्रणेला नव्हत्या. आज्ञावलीच्या दृष्टीने तो माल अस्तित्वातच नव्हता.

तगादेवाल्याच्या काळात ज्ञान माणसांपाशी होते आणि वही अपुरी होती. आता वही सर्वाधिकारी झाली. परंतु माणसांचे ज्ञान तिच्यात पुरते उतरले नव्हते. गणनेचा वेग ही दरी भरून काढू शकत नाही.

६. कोणाचा वायदा?

आणखी एक प्रश्न विद्यार्थ्यांनी दृष्टीआड करू नये. माल अपुरा असेल तर तो कोणास द्यावा? प्रथम येणाऱ्यास प्रथम, हा नियम साध्या वचनयोग्य शिल्लकेत आपोआप पाळला जातो. पुढील आज्ञावलींत मात्र ठरावीक गिऱ्हाइकांसाठी हिस्सा आधीच राखून ठेवण्याची व्यवस्था आली. मोठ्या खरेदीदाराचा हिस्सा राखलेला असल्यामुळे लहान दुकानदारास ‘शिल्लक नाही’ असे उत्तर मिळते, आणि ते आकड्याच्या रूपात येत असल्याने निर्विवाद वाटते. वस्तुतः तो निर्णय कोणा व्यवस्थापकाने पूर्वीच घेऊन ठेवलेला असतो. तगादेवाल्याशी निदान भांडता येत असे. नियमाचा कर्ता मात्र समोर दिसत नाही. पक्षपात यंत्राने निर्माण केला असे नव्हे, परंतु त्याला हिशेबाचे रूप त्याने खास दिले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, मालपोचतीच्या तारखेचा इतिहास हा मुख्यतः नोंदीच्या प्रामाणिकपणाचा इतिहास आहे. तक्त्याने काळ दाखविला, एम.आर.पी.ने भाग मोजले, वचनयोग्य शिल्लकेने दिलेला शब्द खात्यावर मांडला आणि मर्यादांचा हिशेब करणाऱ्या आज्ञावलींनी क्षमतेची जोड दिली. प्रत्येक टप्प्यावर वायदा अधिक सकारण झाला. तो पाळण्याची जबाबदारी मात्र कोणत्याही टप्प्यावर यंत्राकडे गेली नाही.

आपल्याकडील औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकांसाठी ह्यातून एक दिशा सुचते. किर्लोस्करवाडीपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत महाराष्ट्रात अभियांत्रिकी उद्योगाची दीर्घ परंपरा आहे. अशा कारखान्यांच्या ताळेबंदांइतकेच लक्ष त्यांच्या ऑर्डर-वह्या, अपुऱ्या भागांच्या याद्या आणि विलंबाविषयीचा गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार ह्यांकडे दिले पाहिजे. दिलेली तारीख आणि माल प्रत्यक्ष पोचल्याची तारीख ह्यांतील अंतर हे त्या त्या काळातील औद्योगिक व्यवस्थेचे एक विश्वसनीय मोजमाप आहे, आणि ते ताळेबंदात सापडत नाही.