टोकन क्रमांक अर्धा

परक्याच्या घरात पैसे देऊन झोपायचं आणि वर 'अगदी घरच्यासारखं वाटलं' म्हणायचं, ही गोष्ट मला कधी पटलेली नाही. घरच्यासारखंच वाटून घ्यायचं तर आपलं घर काय वाईट आहे? शिवाय तिथे रात्रीचे पैसे पडत नाहीत. पण हा मुद्दा मी दिवाळीच्या सुट्टीआधी सौ.पुढे मांडला, तेव्हा तिने उत्तरादाखल मोबाईलच माझ्या नाकासमोर धरला. दापोली तालुक्यातल्या एका कौलारू घराचा फोटो होता. खाली लिहिलं होतं : 'घरगुती वातावरण. चोवीस तास गरम पाणी. समुद्र पाच मिनिटांवर.'

"हा घरमालक ओळखीचा आहे का?"

"नाही."

"मग त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"तो नाही का तुमच्यावर ठेवत?" सौ. म्हणाली आणि तिने बुकिंग करून टाकलं.

हे उत्तर मला लागलं. वीस वर्षं मी बँकेत काम करतो; समोरच्या माणसावर विश्वास न ठेवण्याबद्दलच मला पगार मिळतो. सख्खा शेजारी चेक घेऊन आला तरी आधी त्याची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहायची आणि मग 'काय, चहा झाला का?' म्हणायचं, असा आमचा धर्म. तेव्हा न पाहिलेल्या माणसाने न पाहिलेल्या माणसाला घराची किल्ली द्यायची, हा उद्योग मुळात सुरू कसा झाला, याचा छडा लावायला मी बसलो. कॉमर्सच्या पदवीधराने इतिहासात शिरू नये हे खरं. पण खातं जुनं असलं की मागची पानं उलटावीच लागतात.

मागे जाता जाता मी थेट ग्रीकांपर्यंत पोचलो. त्यांच्याकडे परका माणूस दारात आला की आधी त्याला जेवू घालायचं आणि मग नाव-गाव विचारायचं, अशी रीत होती. (आपल्याकडे आधी आधार कार्ड मागतात आणि जेवणाचं बिल वेगळं लावतात.) पाहुणा निघाला की एखादी वस्तू मोडून तिचे दोन तुकडे करायचे. एक यजमानाकडे, एक पाहुण्याकडे. पुढे कधी एकाचा मुलगा-नातू दुसऱ्याच्या दारात उभा राहिला, तर तुकड्याला तुकडा लावून पाहायचा. जुळला, की मांडा पाट! या अर्ध्या तुकड्याला ते 'सिम्बोलॉन' म्हणत. इंग्रजीतला 'सिम्बॉल' त्याच्याच पोटचा. रोमन लोकांनीही अशीच खूण 'टेसेरा' या नावाने चालवली. हे वाचून मला गहिवरूनच आलं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत पितळी टोकनं शेवटच्या घटका मोजत होती. चेक द्यायचा, टोकन घ्यायचं, आणि कॅशियरने नंबर पुकारेपर्यंत बाकावर बसायचं. आपण ज्याला कारकुनी समजत होतो ती ग्रीक संस्कृती होती, हे आधी कळतं तर बढतीच्या मुलाखतीत सांगितलं असतं.

मात्र या व्यवहारात तोटाही होई. होमरच्या 'इलियड'मध्ये ग्लॉकस आणि डायोमिडीज हे दोन वीर ऐन रणांगणात एकमेकांसमोर येतात. भाला उगारण्याआधी 'आपण कुठले?' म्हणून चौकशी होते, आणि निघतं काय, तर एकाचा आजोबा दुसऱ्याच्या आजोबांकडे वीस दिवस मुक्कामाला होता! झालं. लढाई बाजूला राहिली आणि दोघांनी आठवण म्हणून चिलखतं बदलली. ग्लॉकसने दिलं ते सोन्याचं, किंमत १०० बैल. घेतलं ते पितळी, किंमत ९ बैल. देवाने त्याची बुद्धीच हरण केली, असं होमरसुद्धा म्हणतो. निव्वळ तोटा ९१ बैल! आमच्याकडे ऑडिटरने हे पाहिलं असतं तर ग्लॉकसची चौकशी लागली असती. पण वीस दिवसांच्या पाहुणचारावर दोन पिढ्यांनी दोन माणसांचे जीव वाचले, हे ऑडिटरला कुठल्या रकान्यात दाखवायचं?

आपल्याकडे तुकडे करण्याची पद्धत नव्हती. आपण लिहून ठेवणारे लोक. नाशिक-त्र्यंबकेश्वरला किंवा गया-काशीला गेलेल्यांना हे ठाऊक असेल. यात्रेकरू उतरायचा तो क्षेत्रोपाध्यायांच्या घरी. 'गाव कोणतं? आडनाव काय?' एवढे दोन प्रश्न झाले की गुरुजी आतून एक जाडजूड वही काढणार, आणि तिच्यात आपल्या खापरपणजोबांची सही सापडणार! मग खाली आपलं नाव, भावांची नावं, मुलांची नावं लिहायची. वडिलांच्या अस्थी घेऊन मी नाशिकला गेलो होतो तेव्हा त्या वहीत त्यांची सही निघाली. वळणदार, आणि खाली दोन टिंबं. हजारो सह्या ताडून पाहिल्या, पण ती एक मला नीट दिसेना. गुरुजी वही पुढ्यात तशीच ठेवून आत पाणी आणायला गेले, ते बरंच झालं. बँकेच्या दप्तरात अशी सोय नाही.

फक्त एक आहे, की ही वही यजमानाची. तिच्यात पाहुण्याचं सात पिढ्यांचं लिहिलेलं असतं. पण 'गादीत ढेकूण होते' असं कुठल्या पाहुण्याने लिहिल्याचं ऐकिवात नाही.

पैसे घेऊन उतरवून घेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. तिथे आजोबा-पणजोबा मध्ये येत नाहीत, वकील येतात. इंग्लंडात १५८४ साली एक खटला झाला. कॉमर्सला आम्हाला व्यापारी कायदा होता, तेव्हापासून अशा खटल्यांवर माझा जीव. एका खाणावळीत पाहुणा उतरला आणि आपला घोडा कुरणात चरायला सोडा म्हणाला. घोडा चोरीला गेला. कोर्ट म्हणालं, खाणावळीच्या आत ठेवलेला माल गेला तर मालक जबाबदार. 'मी किल्ली दिली होती, यांनीच दार उघडं टाकलं' ही सबबही चालणार नाही. पण घोडा पाहुण्याच्याच सांगण्यावरून कुरणात गेला होता, आणि कुरण म्हणजे खाणावळ नव्हे. सबब भरपाई नाही. आज 'पार्किंगमधील वाहनांस व्यवस्थापन जबाबदार नाही' अशी पाटी दिसली की मला तो चरणारा घोडा दिसतो.

पुढे आपल्याकडे १८६७ साली इंग्रज सरकारने सराई कायदा केला. सराई सरकारदरबारी नोंदवायची. आणि चालवणाऱ्याने चांगल्या चालचलणुकीचा दाखला आणला नाही, तर नोंदणी नाकारण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला. म्हणजे प्रवाशाच्या आणि मालकाच्या मधे आता सरकारचा शिक्का उभा राहिला.

शिक्क्याची जागा मोबाईलने घेतली ती अगदी काल-परवा. २००७ सालच्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोत ब्रायन चेस्की आणि जो गेबिया या दोन तरुणांना घरभाडं झेपेना. गावात मोठं संमेलन होतं, हॉटेलं भरलेली. यांनी हवा भरायच्या तीन गाद्या जमिनीवर टाकल्या, सकाळच्या नाश्त्यासह रात्रीचे ८० डॉलर लावले, आणि खरोखरच तीन पाहुणे आले. त्यांत एक भारतीय होता, हे वाचून मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. स्वस्त जागेचा वास आपल्याला सातासमुद्रापार येतो. या गाद्यांतली हवा म्हणजेच 'एअरबीएनबी'मधलं 'एअर'!

परकी माणसं एकमेकांच्या घरात झोपतील ही कल्पना पैसेवाल्यांना पहिल्यांदा वेडगळ वाटली. २०११ साली त्याच शहरात पाहुण्यांनी एका बाईंचं घर धुऊन नेलं, तेव्हा ती खरीही वाटू लागली. मग कंपनीने यजमानांना ५०,००० डॉलरपर्यंत भरपाईची हमी दिली आणि २०१२ मध्ये ती दहा लाखांवर नेली. पण खरी गंमत अभिप्रायांची. यजमानाने पाहुण्याबद्दल लिहायचं, पाहुण्याने यजमानाबद्दल. आपण खरं लिहिलं तर समोरचा उट्टं काढील, या भीतीने सगळे सगळ्यांना 'फारच छान' म्हणत सुटले. तेव्हा २०१४ साली नियम आला : दोघांचे अभिप्राय झाकलेले राहतील, दोघांनी लिहिले की एकदम उघडतील, नाहीतर चौदा दिवसांनी. आम्ही ज्या ॲपवरून बुकिंग केलं तिथेही हाच नियम होता.

एवढा अभ्यास करून मी कोकणात उतरलो. समुद्र पाच मिनिटांवर होता, पण ती पाच मिनिटं तिथल्या कोळ्याची; आमची वीस. आम्हीही 'लहान मूल एक' असं कळवलं होतं. प्रत्यक्षात गाडीतून अकरा वर्षांचे चिरंजीव बॅट घेऊन उतरले. म्हणजे खोटं दोन्हीकडे सारखंच जमा होतं. घरमालक साठीचे, एकटे, मितभाषी. रोज पहाटे न्हाणीघरात कढत पाण्याच्या बादल्या तयार. "गीझरचं काढून ठेवलंय, साहेब," एवढंच म्हणायचे. पाण्याला किंचित धुराचा वास यायचा. मला वाटलं, कोकणातल्या विजेचा असेल.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पडवीतून 'खळ्ळ' असा आवाज आला. कोपऱ्यात चिनी मातीची एक जुनी बरणी होती, तिला बॉल लागून मानेपासून बुडापर्यंत तडा गेला होता. मालक बाजारात गेले होते.

"बाबा," चिरंजीव हळूच म्हणाले, "तडा भिंतीकडे फिरवून ठेवू का?"

खोटं कशाला सांगू, मी ती बरणी फिरवली. छान दिसत होती. मनात हिशेब झाला : सकाळी सहाला निघायचं, अभिप्राय चौदा दिवस झाकलेला, कुणी कधी फोडली याला पुरावा नाही. रोज दुसऱ्यांच्या सह्या तपासणारा मी, पडवीत उकिडवा बसून बरणीचा कोन जुळवत होतो. मान वर केली तर मुलगा बरणीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. नमुन्याची सही पाहावी तसा.

मालक आले. मी सांगितलं. "काका, आमच्या हातून नुकसान झालंय."

ते खाली बसले, बरणी पुन्हा आपल्याकडे फिरवली, तड्यावरून बोट नेलं. "आईची," एवढंच म्हणाले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मी खिशात हात घातला तेव्हा त्यांनी मान हलवली. "राहू द्या. हिची किंमत काय सांगू तुम्हाला?"

मग थोड्या वेळाने म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगितलंत म्हणून सांगतो. गीझर पावसाळ्यातच जळला. जाहिरात काढली असती तर दिवाळीचं गिऱ्हाईक गेलं असतं. रोज साडेचारला उठून मागे बंब पेटवतो नि बादल्या आणून ठेवतो."

चार दिवस हा साठीचा माणूस अंधारात लाकडं फोडत होता आणि मी त्या पाण्याने गाणी म्हणत अंघोळ करत होतो! तडा दोन्हीकडे होता. दोघांनीही तो भिंतीकडे फिरवून ठेवलेला. त्या संध्याकाळी पडवीत दोन्ही पाकिटं चौदा दिवसांआधीच एकदम उघडली. टोकन, वही, शिक्का ही सगळी मागच्या व्यवहाराची साक्ष. आजचा व्यवहार कुणीतरी आधी तोंड उघडल्याशिवाय पुरा होत नाही.

घरी आल्यावर मी अभिप्राय लिहिला : 'समुद्र वीस मिनिटांवर. गरम पाणी उत्तम.' बाकीचं लिहिलं नाही. मग त्यांचाही उघडला. आमच्याबद्दल दोनच वाक्यं होती : 'माणसं विश्वासू. मुलाचा फटका चांगला आहे, पण अंगणात खेळवावे.'

सौ.ने ते वाचलं आणि म्हणाली, "बघा! वीस वर्षं बँकेत असून तुम्हाला हे सर्टिफिकेट कुणी दिलं होतं का?"