राखण कोणापासून?

मराठी शाळेतून गेलेल्या माणसाला लॉर्ड रिपन ठाऊक असतो तो १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावामुळे. मी राहतो ते गाव उत्तर यॉर्कशरमध्ये, रिपन शहरापासून जवळ. इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात मात्र दुसराच लॉर्ड रिपन येतो, त्या व्हाइसरॉयचा मुलगा. याने हयातभरात साडेपाच लाखांहून जास्त पशुपक्षी बंदुकीने मारले आणि त्या सगळ्यांचा हिशोब लिहून ठेवला. २२ सप्टेंबर १९२३ ला डॅलोगिलच्या माळावर, सकाळभरात पन्नासेक ग्राउज पाडून झाल्यावर, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी तो तिथेच कोसळला आणि गेला. बापाने नगरपालिका दिल्या, मुलाने पाखरं मोजली.

मला कुतूहल आहे ते तिसऱ्याच माणसाचं. एवढे जीव मारायला मिळावेत म्हणून कुणीतरी ते आधी जगवायला हवेत. तो माणूस म्हणजे गेमकीपर. मी मूळचा शिरूर तालुक्यातला. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर चढायचं, गोफण फिरवायची आणि पाखरांपासून पिकाची राखण करायची, हे आमच्याकडे पोरासोरांचं काम. इथे उलटं. धान्य टाकून पाखरांचीच राखण, तीही पगारी, आणि बापाकडून मुलाकडे चालत आलेली. मी एरवी औषधाच्या दुकानात काम करतो, पण नोव्हेंबर ते जानेवारी बऱ्याच शनिवारी काठी घेऊन आमच्या कीपरच्या हाक्यात चालतो. मजुरी थोडी, वर फेजंटची एक जोडी. फेजंट काळ्या मसाल्यात बरा लागतो, फक्त दाताखाली छर्रे येतात.

या धंद्याचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा वाटलं होतं की त्यात पानोपानी कोल्हे असतील. पहिली दीडशे वर्षं कोल्हा जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो माणूस. १६७१ च्या कायद्याने ठरवलं की वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन असेल त्यानेच ससा, तितर, फेजंट मारावा. पार्लमेंटच्या मतदानाला तेव्हा ४० शिलिंगांची, म्हणजे २ पौंडांची जमीन पुरत असे. खासदार निवडण्यापेक्षा तितर मारायला पन्नासपट लायकी लागत होती! त्याच कायद्याने जहागीरदारांना कीपर नेमायचा अधिकार दिला. कीपरचं काम काय, तर गावकऱ्यांच्या घरांची झडती घेऊन बंदुका, जाळी आणि शिकारी कुत्री जप्त करायची. गावातल्याच माणसाला गावावर बसवलेला हा पहारा.

पुढे तो आणखी कडक झाला. तोंडाला काळं फासून रानात शिरणाऱ्यांसाठी १७२३ च्या कायद्यात फाशी होती. जमीनदारांनी झाडीत तारेला बांधलेल्या बंदुका आणि माणसाचा पाय धरणारे लोखंडी सापळे लावले. त्यांवर बंदी आली १८२७ मध्ये. लगेच १८२८ मध्ये रात्रीच्या चोरट्या शिकारीचा कायदा आला. तिसऱ्यांदा सापडलेल्याला सात वर्षं काळ्या पाण्यावर, आणि तिघे किंवा जास्त जण हत्यारांसह सापडले तर चौदा वर्षांपर्यंत. सशासाठी माणूस ऑस्ट्रेलियाला जात होता. अंधारात झटापटी होत, त्यांत कीपर मरत आणि चोरटेही मरत. दोघे एकाच गावचे, बहुधा एकाच चर्चमध्ये बसणारे.

१८३१ च्या कायद्याने जमिनीची अट काढली, परवाना आणला आणि शिकारीचे पक्षी उघडपणे विकायला मोकळीक दिली. फेजंटचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. रविवारी आणि नाताळच्या दिवशी बंदी. हे नियम आमच्या कीपरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजही तसेच आहेत. त्या कॅलेंडरात कोल्ह्याला मात्र बंद हंगाम नाही. त्याला मारायला बारा महिने मोकळे.

कोल्ह्याची गोष्ट इथून सुरू होते, आणि ती सरळ नाही. एलिझाबेथ राणीच्या काळात, १५६६ च्या कायद्याने, कोल्ह्याचं डोकं आणून दिलं की चर्चच्या निधीतून १२ पेनी मिळत. म्हणजे तो निव्वळ उपद्रवी. अठराव्या शतकात हरणं कमी झाली, आणि घोड्यावरून, कुत्र्यांच्या ताफ्यामागून कोल्ह्याचा पाठलाग करणं हा सरदारांचा खेळ झाला. ह्यूगो मेनेलने १७५३ पासून लेस्टरशरमध्ये क्वॉर्नचे कुत्रे त्यासाठी खास पैदास करून वाढवले. कोल्ह्याला एकदम प्रतिष्ठा आली. त्याला गोळी घालणं किंवा विष देणं म्हणजे सभ्य समाजातून उठणं. मागणी इतकी वाढली की एकोणिसाव्या शतकात युरोपातून जिवंत कोल्हे आणून लंडनच्या लेडनहॉल बाजारात विकले जात, आणि ते रानात सोडून त्यांच्यामागे कुत्रे घातले जात.

त्याच शतकाच्या मध्यावर बंदूक बदलली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात लफॉशो या फ्रेंच कारागिराची मागून काडतूस भरायची बंदूक मांडली होती. तोवर नळीत पुढून दारू ठासावी लागे. कुत्रा घेऊन दिवसभर शेतं तुडवावी तेव्हा पाच-दहा पक्षी मिळत. आता मिनिटाला कितीतरी बार काढता येऊ लागले. मग पक्ष्यामागे चालायचं कशाला? शिकारी एका जागी उभे राहिले आणि पक्षी त्यांच्या डोक्यावरून हाकण्यात येऊ लागले. आगगाडीने लंडनचे पाहुणे शुक्रवारी येऊन सोमवारी परतू लागले.

हाका आपल्याला वाघाच्या शिकारीच्या गोष्टींमधून माहीत असतो. इथला हाका गोंगाटाचा नाही. वीस-पंचवीस जण एका ओळीत, काठीने झाडांच्या बुंध्यांवर टकटक करत, गोगलगाईच्या चालीने निघतात. पक्षी पायी पायी पुढे सरकतात आणि झाडीच्या कडेला जमतात. तिथे ओळ थांबते. सगळे पक्षी एकदम उडाले तर हाका फुकट गेला. दोन-दोन, चार-चार उठले पाहिजेत, आणि उंच. पलीकडे आकडे लिहिलेल्या खुंट्यांपाशी आठ बंदुका उभ्या असतात. शिंगाचा आवाज झाला की समोरच्या बाजूला कुणी बार काढायचा नाही, कारण हाकेवाले आता टप्प्यात आलेले असतात. कीपरचं सगळं कसब त्या कडेच्या दहा मिनिटांत दिसतं.

या खेळात एक भारतीय नाव फार वर आहे. पंजाबचं राज्य गेल्यावर पोरवयात इंग्लंडला आणलेल्या महाराजा दुलीपसिंगाने १८६३ मध्ये सफोकमधली एल्व्हडन इस्टेट घेतली. १८७६ मध्ये त्याने एका दिवसात हजार काडतुसांत ७८० तितर पाडले. शेजारच्या नॉरफोकमध्ये, सँड्रिंगहॅमला, युवराजाने इस्टेटीवरची घड्याळं अर्धा तास पुढे लावून ठेवली होती, हिवाळ्यात शिकारीला उजेड पुरावा म्हणून. ती १९३६ पर्यंत तशीच चालली. १८ डिसेंबर १९१३ ला बकिंगहॅमशरमध्ये हॉल बार्नच्या शिकारीत सात बंदुकांनी ३,९३७ फेजंट पाडले. त्यात पंचम जॉर्जचे एकट्याचे हजारावर. परतताना आज जरा अतीच झालं, असं त्याने मुलाला बोलून दाखवल्याची नोंद आहे.

एका दिवसात चार हजार पक्षी आपोआप उगवत नाहीत. कीपर अंडी गोळा करायचा, खुडूक कोंबड्यांखाली ठेवायचा, पिल्लांना उकडलेलं अंडं बारीक करून भरवायचा आणि उन्हाळाभर रात्री त्या कुरणातल्या झोपडीत झोपायचा. हजारो पिल्लं एका कुरणात दाटली की कोल्ह्याला आमंत्रण वेगळं द्यावं लागत नाही. आत शिरलेला कोल्हा भुकेपुरतं मारून थांबत नाही. फडफडतंय तोवर मारत राहतो. सकाळी कीपरला पिल्लं मेलेली सापडतात आणि त्यातलं एखाद-दुसरंच नेलेलं असतं.

आता कीपर पेचात सापडला. मालकाला पक्षी हवेत, आणि मालकाच्या शेजाऱ्याला, कधी खुद्द मालकालाच, पाठलागासाठी कोल्हे हवेत. पाठलागवाल्या मंडळींनी यावर पैशाचा तोडगा काढला. झाडीत कोल्हा निघाला तर त्या झाडीच्या कीपरला बक्षिसी, आणि शेतकऱ्यांच्या कोंबड्या गेल्या तर भरपाई. कीपर बक्षिसी घ्यायचा, आणि गरजेपेक्षा जास्त झालेला कोल्हा रात्री गुपचूप पुरायचा. मुंगूस, बोका, घार मारली की तारेवर उघड टांगायची, मालकाला काम दिसावं म्हणून. इथे मुंगसाच्या जागी स्टोट आणि पोलकॅट समजा. कोल्हा त्या तारेवर टांगणं मात्र बहुतेक ठिकाणी परवडणारं नव्हतं.

त्या तारेने इंग्लंडचं रान पुष्कळ रिकामं केलं. १९०० च्या सुमारास तांबडी घार इंग्लंडातून गेलेली होती, पाइन मार्टेन आणि पोलकॅट कोपऱ्यात उरले होते. १९११ च्या सुमारास देशात सुमारे २३ हजार कीपर होते. १९१४ ला ते खंदकात गेले आणि त्यातले पुष्कळ परत आले नाहीत. रानात उरलेल्या पोलकॅटला तेवढी उसंत मिळाली. पुढे जबड्याच्या लोखंडी सापळ्यावर १९५८ मध्ये बंदी आली. आज पूर्णवेळ कीपर उरले आहेत तीनेक हजार, आणि माझ्या गावासारख्या ठिकाणी लॉर्ड नसतो. शेतकरी, प्लंबर, निवृत्त मास्तर वर्गणी काढून शूट चालवतात.

पिल्लं आता फार्मवरून येतात, सहा-सात आठवड्यांची, जुलै-ऑगस्टमध्ये. त्यांना झाडीतल्या जाळीच्या वाड्यात सोडतात. भोवती विजेची तार, आणि परत आत यायच्या भोकांना कोल्हा शिरू नये अशा जवळजवळ उभ्या सळ्या. रात्री झाडावर बसायला शिकलेला फेजंट वाचतो. कायदाही गमतीचा आहे. वाड्यात आहे तोवर तो मालकाचा. बाहेर उडाला की कुणाचाच नाही. गोळी लागून पडला की पुन्हा मालकाचा.

कोल्ह्यासाठी खरा हंगाम हिवाळा. पीक कापलेलं असतं, रान उघडं पडतं. जानेवारी हा त्यांच्या जुगण्याचा महिना, कोल्हिणीची किंकाळी मैलावर ऐकू येते. मार्चमध्ये पिल्लं होतात, आणि ती खाऊ मागू लागतात नेमकी पक्षी अंड्यांवर बसतात तेव्हा. म्हणून पक्ष्यांची शिकार संपली तरी कीपरच्या रात्री संपत नाहीत. परवाच्या हिवाळ्यात मी त्याच्या पिकअपमध्ये बसलो होतो. पूर्वी मोठा दिवा फिरवत. आता उष्णता दाखवणारी दुर्बीण असते, तिच्यात ससे तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे दिसतात. त्याने काच खाली केली, हाताच्या पाठीवर ओठ टेकून चोखल्यासारखा आवाज काढला, जखमी सशाचा. चारशे यार्डांवरचा कोल्हा वळला, वारा आपल्या बाजूने घेत मोठा वळसा घालून आला आणि उंचवट्यावर उभा राहिला. नेम लागलेला होता. कीपरने रायफल खाली घेतली. कोल्ह्यामागे नुसतं आकाश होतं. "पलीकडे कुणाची मेंढरं बसलीत ते मला दिसत नाही," एवढंच तो म्हणाला.

कुत्र्यांच्या पाठलागावर इंग्लंड-वेल्समध्ये फेब्रुवारी २००५ पासून बंदी आहे. शिकारीचे पक्षी वाचवण्यासाठी बिळात एक कुत्रा सोडायची सवलत मात्र त्याच कायद्यात आहे. तारेचा फास वेल्सने २०२३ मध्ये आणि स्कॉटलंडने २०२४ मध्ये बंद केला. विरोधकांचा मुद्दा बिनतोड आहे: दरसाल कोट्यवधी फेजंट रानात सोडायचे, त्यावर कोल्हे पोसायचे, आणि मग कोल्हे वाढले म्हणून मारायचे. आपणच पंगत वाढून आपणच पाहुण्याला उठवायचं.

कीपरचा मुद्दाही खोटा नाही. सॉल्सबरीच्या पठारावर १९८५ ते १९९० मध्ये प्रयोग झाला. जिथे कोल्हे, कावळे आवरले तिथे करड्या तितराची वसंतातली संख्या न आवरलेल्या जागेच्या २.६ पट झाली. ऑटरबर्नच्या माळावर २००० ते २००८ मध्ये तेच करून पाहिलं, तेव्हा टिटवीचे इथले भाऊबंद आणि कर्ल्यू यांची पिल्लं वाचण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट झालं. लांब वाकड्या चोचीचा हा कर्ल्यू हिवाळ्यात कोकणच्या खाड्यांतही दिसतो. ब्रिटनमध्ये त्याची वीण १९९० च्या दशकानंतर निम्म्यावर आली आहे, आणि त्याला मारून कुणालाच काही मिळत नाही.

साडेतीनशे वर्षं राखण कोणापासून करायची ते जमीनदारांनी ठरवलं: आधी शेजाऱ्यापासून, मग नख-दात असलेल्या सगळ्यांपासून. आज राखणीची सगळ्यात जास्त गरज आहे ती कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या पक्ष्याला, आणि तिचा पगार अजून निघतो फेजंट मारणाऱ्यांच्या वर्गणीतून. ही व्यवस्था मला फारशी आवडत नाही. पण ती बंद करा म्हणणाऱ्या मित्रांना मी एकच विचारतो: फेब्रुवारी ते मे, माळावर रात्र काढणाऱ्या माणसाचा पगार तुम्ही कुठून देणार? अजून कुणी आकडा सांगितलेला नाही.