विमानाचें इंजिन थांबवितांना



विमान आकाशांत कसें चढलें, याचा इतिहास आपण आवडीनें ऐकतों. परंतु उतरल्यावर त्याचें इंजिन निर्धोकपणें कसें थांबवावें, हेंहि मनुष्यास शिकावें लागलें आहे.

आमच्या जालना जिल्ह्यांतील शेतकरी विहिरीवरील डिझेल इंजिन त्याचें तेल तोडून बंद करतो. त्यांत ठिणगी नसते, म्हणून तेवढ्यानें भागतें. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान विमानाच्या इंजिनास मात्र इंधन आणि ठिणगी दोन्ही लागतात. मग आधीं कोणतें तोडावें?

राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानांतहि ठिणगीसाठीं मॅग्नेटो होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूच्या मैदानावर टपाल आणलें, त्या पस मॉथ विमानाच्या जिप्सी इंजिनासहि मॅग्नेटोच ठिणगी पुरवी. मॅग्नेटोस बॅटरी लागत नाहीं. इंजिन फिरलें कीं तो स्वतःच वीज निर्माण करतो. त्याचा स्विच बंद करणें म्हणजे ती वीज एका तारेनें इंजिनाच्या धातूंत वळविणें होय. ती तार तुटली, तर स्विच बंद दिसतो, पण मॅग्नेटो जागाच राहतो.

मॉथ जातीच्या विमानांत ठिणगी बंद करून इंजिन थांबवीत. त्यामुळें सिलिंडरांत न जळलेलें मिश्रण उरे. त्या काळीं पंखा हातानें फिरवून इंजिन चालू करावें लागे. अशा वेळीं तार तुटलेली असली, अथवा तापलेली काजळी आंत धुमसत असली, तर पंखा एकाएकीं उसळून मनुष्याचा हात, प्रसंगीं प्राणहि, घेई.

पुढें लहान विमानांत मिश्रण पूर्णपणें तोडण्याची कळ आली आणि क्रम उलटला. आज वैमानिक प्रथम इंजिन मंद गतीनें चालवून त्याची उष्णता समतोल होऊं देतो. मॅग्नेटो क्षणभर बंद करून इंजिन मरूं लागतें कीं नाहीं, हें पाहतो. तसें झालें तर तार शाबूत आहे असें समजावें. मग मिश्रणाची कळ ओढतो. उरलेलें इंधन जाळून इंजिन आपोआप थांबतें. त्यानंतरच मॅग्नेटो बंद करून तो किल्ली काढतो आणि शेवटीं विजेचा मुख्य स्विच बंद करतो.

इतकें करूनहि जाणता मेकॅनिक उभ्या पंख्याच्या फेऱ्यांत विनाकारण जात नाहीं. आपणांपैकीं कोणाचीं मुलें विमानविद्या शिकत असतील, तर त्यांस एवढें अवश्य सांगावें.